नवमीचं पान

शॉमबर्ग,
११ जानेवारी २००४

शरयूकाकू,

वाकून नमस्कार. फोनवर आता नीट ऐकू येत नाही म्हणालात, म्हणून लिहायला बसले. मराठीत एवढं लांब लिहून वर्षं झाली. चुका दिसल्या तर हसा आणि सोडून द्या.

अमेरिकेत आश्रय मिळावा म्हणून केलेल्या आमच्या अर्जाच्या निकालाचा, मंडळातून तुमच्याकडे आलेला मराठी तर्जुमा मिळाला. इंग्रजीत वाचला होता तेव्हा तो कागद होता. मराठीत वाचला आणि उठून दाराची कडी पुन्हा बघून आले. जजसाहेब कुठेही मला खोटारडी म्हणत नाहीत. मी जातीबाहेर लग्न केलं, पंचायतीने आमचं घर वाळीत टाकलं, माणसं पुण्याच्या फ्लॅटवर आली, यतीनचं डोकं फोडलं, पोलिसांनी 'घरचा मामला' म्हणून परत पाठवलं, सगळं त्यांना मान्य आहे. पण मग वडिलांनी पंचांपुढे माझं दहावं-बारावं केलं, पिंड दिला, आणि घर जातीत परत आलं. म्हणजे मामला मिटला, असं ते लिहितात. जी मुलगी घरच्यांनी मेलेली धरलीय, तिला शोधत कोण येणार? शिवाय हे एका घरातलं भांडण आहे, कुठल्या सामाजिक गटाचा छळ नाही. आश्रय हवा तर गट दाखवा.

वकीलबाईंनी वरच्या बोर्डाकडे अपील फाईल केलंय. तिथे आपल्याला उभंसुद्धा करत नाहीत, नुसते कागद बघतात. एका ओळीत 'नाही' येऊ शकतं. मग आम्हाला परत पाठवतील. यतीनची नोकरी गेली तेव्हाच व्हिसा गेला, आता तो एका गोदामात खोकी उचलतो. बिल्डिंगखाली अनोळखी गाडी जरा वेळ थांबली की मी पडदा ओढून घेते.

वकीलबाई विचारतात, जिवंत माणसाचं दहावं म्हणजे माफीच का एक प्रकारची? मला सांगता येईना. मला आठवतं ते एवढंच. वडील घरजावई, त्यामुळे आईच्या माहेरचं सगळं आमच्याच घरी व्हायचं. पितृपक्षात अविधवा नवमीला, सवाष्ण गेलेल्या बायकांच्या दिवशी, आई एक पान मांडायची, तिच्या थोरल्या बहिणीचं. ती मावशी मी पाहिलेली नाही, तापाने गेली म्हणायचे. आई त्या पानावर कारलं वाढायची नाही. आजी चिडायची, तर आई म्हणायची, "ताईला आवडत नाही. उठून जाईल."

आता त्या पानाशेजारी माझं पान असतं. वकीलबाईंना काय सांगू ते तुम्हीच कळवा.

तुमची
दीपा

---

आयसेलिन,
३० जानेवारी २००४

चि. दीपाला अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहायला घेतलं, दोनदा बाजूला ठेवलं.

अगं, माझी शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी आलं ते दुकानाच्या पाट्या आणि कूपनं वाचून. तुझ्या निकालात 'सोशल ग्रुप' वाचलं तेव्हा मला आधी आमच्या मंडळातली बायकांची भिशीच आठवली. मग डिक्शनरी घेऊन चार दिवस बसले, तेव्हा उमजलं.

वकीलबाईंना असं सांग. पिंड देणं म्हणजे माफी नव्हे. जिवंत लेक घरातून नाहीशी झाली तर कुणीतरी विचारतं. शेजारीण विचारते, पोस्टमन विचारतो, कधी नव्हे तो पोलीसही विचारतो. तिचा पिंड दिला की विचारणारंच कुणी उरत नाही. उद्या ती गावात आली आणि विहिरीत सापडली, तर गाव म्हणतं, ती तर केव्हाच गेली. मेलेल्याचा खून कसा होईल? जजसाहेबांना वाटतं दार बंद झालं म्हणजे तू सुटलीस. ते दार कुणाच्या बाजूने बंद झालं, हे त्यांना दिसलेलं नाही. त्यांचा तरी काय दोष, त्यांनी आपलं गाव कुठे पाहिलंय.

मी हे ऐकीव सांगते हो. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका बोलायच्या.

तू जेवत जा. कॅनमधलं सूप म्हणजे जेवण नव्हे. मेतकूट पाठवलंय, मऊ भातावर घे. थंडी फार आहे यंदा. तुझ्या आईचा डावा कोपर थंडीत दुखतो का अजून?

शरयूकाकू

---

शॉमबर्ग,
२१ मार्च २००४

शरयूकाकू,

मेतकूट मिळालं. पत्राला उत्तर देऊ की नको, या विचारात इतके आठवडे गेले. यतीन नको म्हणत होता. तरी लिहिते.

आधी तिकडची बातमी. माझी शाळेतली मैत्रीण विनीता आमच्या गावातल्या, टाकळीच्याच शाळेत शिकवते. आईची खबर मला तिच्याकडूनच कळते, आई सरळ लिहू शकत नाही. फेब्रुवारीत दोन पंच घरी आले होते. चहा घेतला, पिकापाण्याचं बोलले, आणि उठताना आईला हसत म्हणाले, "काय सुवर्णाबाई, मेलेलीचं पत्रबित्र येतं का?" आई म्हणाली, मेलेली कशी लिहील. त्यावर एक जण म्हणाला, "तेच म्हणतोय. ती अमेरिकेतून परत येणार असं कानावर आलंय. भूत आलं तर बंदोबस्त करावा लागतो."

आमचा निकाल लागला हे टाकळीत कुणाला कसं कळलं? आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. मी, यतीन, वकीलबाई आणि तुम्ही.

वकीलबाईंना तुमचं म्हणणं पटलं. पण त्या म्हणतात, बोर्ड नुसतं ऐकीव घेणार नाही. असं जिचं झालं अशी दुसरी बाई दाखवा. एक चालेल, पण खरी, स्वतःच्या नावाने सही करणारी. आणि ती आधी का आली नाही हेही सांगावं लागेल. आता मेलेल्या बायकांमधून सही करायला कोण येणार?

काकू, आता जे विचारते त्याचा राग मानू नका. आईचा डावा कोपर सरळ होत नाही. लहानपणी चिंचेवरून पडले, एवढंच ती सांगते. मी हे तुम्हाला कधीच सांगितलेलं नाही. कोर्टाच्या कागदांतही नाही. यतीन म्हणतो, तुमच्या इथल्या ओक ट्री रोडवर आपल्या जातीच्या एकाचं दुकान आहे, तुम्ही तिथे जाता, मग आपल्या घरातलं टाकळीला आणि टाकळीतलं तुम्हाला, असं ये-जा चालू आहे. मला ते खरं वाटत नाही. पण रात्रंदिवस तेच डोक्यात फिरतं.

तुम्ही कोण आहात?

दीपा

---

आयसेलिन,
२ एप्रिल २००४

दीपा,

राग नाही आला. तुझ्या जागी मी असते तर मेतकूट कचऱ्यात टाकलं असतं.

त्या दुकानात मी पाऊल ठेवत नाही. त्याचा मालक समोरून आला तर पलीकडच्या फुटपाथला जाते. निकाल टाकळीला कसा कळला ते मला ठाऊक नाही. कोर्टाच्या बाकावर बसलेलं कुणीही सांगू शकतं. पण कोपराचं मला ठाऊक आहे, कारण तो मोडला तेव्हा मी तिथे होते. तुझी आई चिंचेवरून पडली नाही.

दीपे, मला कारलं आवडत नाही. अजूनही नाही.

मी तापाने गेले नाही गं. तुझ्यासारखीच जातीबाहेर लग्न करून गेले, मुंबईला, नरेंद्रांबरोबर. पंचांनी माझं बारावं केलं हे मला पोस्टकार्डानेसुद्धा कुणी कळवलं नाही. तीन वर्षांनी, त्रेसष्ट साली, वडील अंथरुणाला खिळलेत असं कळलं आणि मी एकटीच निघून आले. टाकळीच्या थांब्यावर उतरले. ओळखीच्या बायका हंडे घेऊन येत होत्या. मी हाका मारल्या. एकीनेही वळून पाहिलं नाही. बाजूला सरकल्यासुद्धा नाहीत, मीच सरकले. माझ्यातून पलीकडे बघत गेल्या.

अंगणात पोचले तर आमचे चुलते आणि आणखी चौघे. मी पाया पडायला वाकले. चुलते माझ्या डोक्यावरून बाकीच्यांना म्हणाले, "इथं कुणी दिसतंय का रे?"

"नाही बा."

"तुला?"

"छे. कुणी नाही."

सगळ्यांना एकेक करून विचारलं, सावकाश. आई दारात उभी होती. तिलाही विचारलं. ती मान खाली घालून आत गेली. मग चुलत्यांनी बैलगाडीची उभारी, तो लाकडी दांडका, उचलला. मारण्याआधी त्यांना सगळ्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं, एवढंच. शिवी नाही, राग नाही. अंगण झाडावं तसं चाललं होतं.

तेवढ्यात गोठ्यामागून सुवर्णा धावत आली. बारा वर्षांची होती. माझ्या अंगावर पडून ओरडली, "मला दिसते. मला ताई दिसते." तो घाव तिच्या कोपरावर बसला. लेकरू किंचाळलं, तशी शेजारची माणसं गोळा झाली, त्या गडबडीत मी ओढ्याच्या वाटेने पळाले. तिला तशीच टाकून पळाले. पुन्हा गेले नाही. पाच वर्षांनी नरेंद्र इकडे आले, त्यांच्याबरोबर मीही आले. ते वारले, त्यांनासुद्धा शेवटपर्यंत हे बोलले नाही. माझ्या मुलाला, निहारला, आजही वाटतं, आईच्या माहेरी कुणी उरलंच नाही.

तुझा निकाल मंडळातून माझ्याकडे तर्जुम्याला आला, त्यात टाकळी वाचलं, सुवर्णाचं नाव वाचलं. दोन दिवस तेच पान वाचत बसले. तुला सांगणार होते. पण जीभ उचलली नाही.

तुला दुसरी बाई हवी ना? आहे. आता भीती वेगळीच. मी नावगाव लिहून सही केली, आणि तो कागद फिरत फिरत टाकळीला पोचला, तर एका घरात दोन मेलेल्या, आणि दोघींशी धागा राखणारी एकच जिवंत. तिला ते सोडतील? तिला न विचारता मी सही करणार नाही. विनीताकरवी विचार. तिने नाही म्हटलं तर नाही, मग तुला काय वाटायचं ते वाटो.

तुझी मावशी

---

शॉमबर्ग,
१८ एप्रिल २००४

मावशी,

हा शब्द मी आजवर फक्त पानापुढे म्हटलाय.

यतीन खूप ओशाळलाय, तुम्हाला सॉरी सांगतो. विनीताला लिहिलं. सगळं लिहिलं. वकीलबाईंना मी एवढंच सांगितलं की दुसरी बाई आहे, पण तिचं नाव आत्ता मागू नका. त्या म्हणाल्या, बोर्ड कधीही निकाल देईल, मग ही बाई आणून उपयोग नाही.

रोज दोनदा मेलबॉक्स उघडते. दोन पाकिटांची वाट बघते, एक बोर्डाचं, एक टाकळीचं. कुठलं आधी यावं म्हणून देवाला सांगू तेच कळत नाही. आईने हो म्हणावं असं वाटतं, आणि मग स्वतःचीच लाज वाटते.

दीपा

---

टाकळी,
२ जून

ताई आणि दीपे,

विनीता समोर बसली आहे, तिच्या स्वैपाकघरात लिहिते. ती दाराकडे बघतेय. घाईचं आहे.

ताई, तू जिती आहेस हे मला कळत होतं. कसं ते विचारू नको. नवमीला तुझं पान मांडायचे ते भीतीने. कावळ्यासाठी बाहेर ठेवायच्या आधी त्यातले दोन घास मी गुपचूप खायचे. जित्या माणसाचं अन्न कावळ्याला कसं द्यायचं? मनात म्हणायचे, ताई जेवली.

दीपीचं पान पहिल्यांदा मांडलं त्या दिवशी ते घास गिळवेनात. हात तसाच राहिला. पंच बघत होते.

दीपे, तुझे वडील भित्रे आहेत, वाईट नाहीत. पिंड देऊन आल्यावर ते गोठ्यात जाऊन बसले, दोन दिवस जेवले नाहीत. त्यांच्यावर राग धरू नको. पण हेही ऐक. तू इथे आलीस तर ते मान खाली घालून आत जातील. माझ्या आईसारखे. मग अंगणात मी एकटी. माझा एक कोपर गेलेला आहे, दुसऱ्याने किती अडवू? तू येऊ नको. काही झालं तरी येऊ नको.

ताई, सही कर. सगळं लिही. माझंही नाव लिही. तू पळालीस म्हणून रडू नको, मीच तुला ढकललं होतं, तू विसरलीस.

पुढच्या नवमीचं माझं मी बघेन.

कोपर थंडीत दुखतो. विचारलंस, बरं वाटलं.

सुवर्णा

---

आयसेलिन,
१ ऑगस्ट २००४

दीपे,

सही झाली. वकीलबाईंच्या ओळखीचा एक वकील घरी आला होता. त्याने माझं सगळं बोलणं टाइप केलं, वाचून दाखवलं, हात वर करून शपथ घ्यायला लावली. आधी का बोलला नाहीत, असं विचारलं. म्हटलं, मेलेल्या बाईला कुणी विचारलं नव्हतं. तो हसला नाही, तसंच लिहून घेतलं.

निहारला आदल्या संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, "आई, चाळीस वर्षं तू हे एकटी घेऊन फिरलीस?" आणि उठून भांडी घासायला लागला. तो कधी भांडी घासत नाही.

सही करताना हात स्थिर होता. पण सुवर्णाचं ते नवमीचं वाक्य मला झोपू देत नाही. लहानपणीही ती असंच म्हणायची, माझं मी बघेन, आणि मग काहीतरी करून बसायची. विनीताला लिही, तिला आवर म्हणावं.

मावशी

---

शॉमबर्ग,
५ डिसेंबर २००४

मावशी,

याच आठवड्यात दोन्ही पाकिटं आली.

बोर्डाने केस खाली परत पाठवलीय. वकीलबाईंनी फोनवर वाचून दाखवलं: ज्यांना जिवंतपणी मृत ठरवलं गेलं अशा बायकांचा गट आहे की नाही, हे या नव्या पुराव्यासह पुन्हा ऐका. अजून आश्रय मिळालेला नाही, पण 'नाही' पुसलं गेलं. सुनावणी एप्रिलमध्ये, शिकागोत. तुम्हाला यावं लागेल.

यतीनने मला उचलून घेतलं आणि मी त्याच्या खांद्यावरून टेबलावरचं दुसरं पाकीट बघत होते.

विनीताने लिहिलंय. नवमीला आईने पान मांडलंच नाही. एकही नाही. पंच आले, म्हणाले, सुवर्णाबाई, दोन पानं कुठायत? आई अंगणात उभी राहून, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "त्या दोघी आपापल्या घरी जेवतात. मला दिसतात."

दुसऱ्या दिवसापासून घर वाळीत. पाणी बंद, दुकानातून मीठ बंद. आळीतली माणसं आईकडे बघेनाशी झाली, समोरून गेली तरी. दिवाळीच्या सुट्टीनंतर विनीता गेली तर घराला कुलूप. शेजारी म्हणतात, "इथं कुणी राहतच नव्हतं." वडील तालुक्याला एका नातेवाइकाकडे आहेत. आई कुठे गेली ते कुणीच सांगत नाही.

मावशी, आपण सही केली म्हणून हे झालं. मला इथे राहायला मिळावं म्हणून. यतीन म्हणतो, वाईट विचार करू नको, ती कुठेतरी सुखरूप असेल. पण तोही आता तिच्याबद्दल बोलताना 'होती' म्हणायला लागलाय.

काय करू?

दीपा

---

आयसेलिन,
१३ डिसेंबर २००४

दीपे,

यतीनला सांग, 'होती' म्हणायचं नाही. रागावून नव्हे, हात जोडून सांगते. हे असंच सुरू होतं. आधी घरातलं एक माणूस 'होती' म्हणतं, मग दुसरं, मग पान मांडायला कितीसा वेळ लागतो. तिचं पत्र आलेलं नाही, याचा अर्थ पत्र आलेलं नाही, एवढाच. पुढचं कुणी आपल्या मनाने लिहायचं नाही.

मला भीती वाटत नाही असं समजू नको. सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि तशीच उभी राहिले, पाणी आटून भांडं करपलं. पण चाळीस वर्षांपूर्वी मी भ्याले आणि पळाले, आणि ती अंगणात पडलेली राहिली. तिचं काय झालं, जगली की मेली, हे मी एकदाही कुणाला विचारलं नाही. विचारलं तर मी जिवंत आहे हे कळेल म्हणून. आता ते होणे नाही.

तुला मी लिहिलं होतं ना, पिंड दिला की विचारणारं कुणी उरत नाही. तर आपण विचारायचं. काल निहारला बसवून जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पत्र टाइप करून घेतलं, मराठीत एक, इंग्रजीत एक. सुवर्णाचं पूर्ण नाव, वय, डावा कोपर सरळ होत नाही ही खूण, घराला कुलूप लागलं तो महिना, दारात आलेल्या पंचांची नावं. बोर्डाच्या कागदाची नक्कल जोडली. ही बाई कुठे आहे, असं अमेरिकेतलं एक कोर्ट एप्रिलमध्ये मला विचारणार आहे, मी काय उत्तर देऊ, तेवढं कळवा, असं लिहिलं. उत्तर येईपर्यंत दर आठवड्याला लिहीन. टपालखात्यालाही कंटाळा येईल इतकं लिहीन. तूही लिही. विनीताला मात्र तिच्या नावाने लिहायला लावू नको, तिला तिथेच राहायचंय.

एप्रिलमध्ये येते. स्वेटर, मेतकूट आणि निहार, तिघांनाही घेऊन येते. कोर्टात मला समोर उभं करून विचारतील, या बाईला तुम्ही ओळखता का. त्या वेळी तू माझ्याकडे बघू नको, नाहीतर मी रडेन आणि उत्तर राहून जाईल.

त्या पत्राखाली सही करताना निहार म्हणाला, "आई, इथे नातं लिहायचंय." लग्नाआधीचं नाव मी चाळीस वर्षांत स्वतःच्या हाताने लिहिलं नव्हतं. हळूहळू लिहिलं, अक्षर शाळेतल्यासारखंच आलं. खाली लिहिलं:

शोध घेणारी: थोरली बहीण. मूळ गाव टाकळी, हल्ली मुक्काम आयसेलिन. जिवंत.

आणि त्याखाली, निहार नको म्हणत असताना, आणखी एक ओळ हाताने लिहिली. सरकारी पत्रात असं लिहीत नाहीत म्हणे. असू दे.

मला सुवर्णा दिसते.

तुझी
मावशी